समोर नसलेला ससा

डोळ्यांनी पाहायची गोष्ट आज तुमच्या कानांवर घालायची आहे. जमेल तशी घालतो.

खऱ्या माणसाशेजारी चितारलेलं पात्र उभं करायची हौस सिनेमाला जुनीच. 1945 साली ‘अँकर्स अवे’मध्ये जीन केली जेरी उंदराबरोबर नाचला, 1964 साली ‘मेरी पॉपिन्स’मध्ये पेंग्विन नाचले. पण अशा दृश्यांत कॅमेरा शक्यतो हलवायचा नाही, असा रिवाज होता. 1988 च्या ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’मध्ये दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस यांनी तो धाब्यावर बसवला. कॅमेरा मनसोक्त फिरला आणि भुर्दंड पडला चित्रकारांना. चित्रीकरणाची एकेक चौकट मोठ्या कागदावर छापून घ्यायची, त्यावर दुसरा कागद ठेवून ससा काढायचा. पडद्यावरच्या एका सेकंदाला अशा चोवीस चौकटी!

त्यातला एक प्रसंग सांगतो. गुप्तहेर एडी आणि रॉजर ससा एकाच बेडीत अडकलेत. खोलीत टांगलेल्या दिव्याला एडीचं डोकं आपटतं, दिवा झोके घेऊ लागतो. झालं! आता दर झोक्याला सशाच्या अंगावरचा उजेड सरकणार, सावली लांबणार, आखडणार. दिवा स्थिर ठेवला असता तर कुणी तक्रार केली असती? मुळीच नाही. पण अ‍ॅनिमेशनचे दिग्दर्शक रिचर्ड विल्यम्स यांच्या चमूनं ते सगळं हातानं चितारलं. प्रेक्षकाच्या ते ध्यानातही येत नाही. ससा त्या खोलीतच आहे, एवढंच पटतं.

तरी माझ्या मते खरी कमाल एडी झालेल्या बॉब हॉस्किन्सची. आपल्या ‘झपाटलेला’त लक्ष्मीकांत बेर्डेंपुढे निदान रामदास पाध्यांचा बाहुला तरी होता. हॉस्किन्सपुढे कॅमेरा सुरू झाला की नुसती हवा! तालमीला रबरी ससा असायचा आणि सशाचा आवाज देणारा चार्ल्स फ्लायशर चक्क सशाचा पोशाख घालून कॅमेऱ्याबाहेरून संवाद म्हणायचा. पण नजर नेमकी कुठे थांबवायची, हे हॉस्किन्सलाच सांभाळायचं होतं. आपण भिंतीकडे पाहतो तेव्हा बुबुळं वेगळी ठरतात, हातभर अंतरावरच्या माणसाकडे पाहतो तेव्हा वेगळी. हॉस्किन्स सशाच्या डोळ्यांत पाहतो, पलीकडच्या भिंतीकडे नाही.

विल्यम्सना विशेष ऑस्कर मिळालं, ते रास्तच. हॉस्किन्सला साधं नामांकनही नाही. ही निवड करणाऱ्यांनी सिनेमा पाहिला तरी होता का, अशी मला शंका आहे.