परदेशचा प्रवास आणि जवळची चीजवस्त



आंबेगाव तालुक्यातल्या आमच्या निरगुडसरसारख्या गावातून कोणी परदेशी निघाले, की एके काळी त्याला पोचवायला अर्धे गाव जमत असे. आता त्यात तेवढे नवल उरलेले नाही. कोणाचा मुलगा अमेरिकेत संगणकाच्या कामावर असतो, तो सुनेच्या बाळंतपणाला आईवडिलांना बोलावून घेतो. कोणी आखातात मोटार चालवतो. मुसलमान मंडळी हजला जातात, पशुपतिनाथाच्या यात्रेला बसगाड्या भरभरून माणसे नेपाळात जातात. आणि उसाचे बिल हाती आले, नारायणगावच्या बाजारात टमाट्याला एखाद्या वर्षी बरा भाव लागला, की दुबई-सिंगापूरची सहल काढणारे हौशीही आता आपल्यात आहेत. त्यात गैर काहीच नाही. कष्टाच्या पैशाने माणसाने जग पाहावे. पण निघताना लाडू-चिवडा, स्वेटर आणि औषधे यांची जेवढी चर्चा घरात होते, तेवढी चर्चा जवळची मोलाची वस्तू कशी सांभाळायची याची होत नाही. आज तेवढ्यापुरतेच बोलू.

प्रवासात लुटले जाण्याचे भय आपल्या मुलखाला नवे नाही. कल्याण बंदरातून जुन्नरला येणारा माल दोन हजार वर्षांपूर्वी नाणेघाटाने चढत असे. घाटमाथ्यावरचा तो दगडी रांजण जकातीसाठी होता असे सांगतात. ज्या वाटेने माल जातो त्याच वाटेवर चोराची नजर असते, हे त्या व्यापाऱ्यांना शिकवावे लागत नसेल. अलीकडचे उदाहरण म्हणजे पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. द्रव्य मिळवावे म्हणून ते १८५७ साली उत्तर हिंदुस्थानात गेले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. मिळवलेले पैसे लुटले गेले आणि शेवटी गंगेच्या पाण्याची कावड तेवढी त्यांनी घरी आणली. त्यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक १९०७ साली छापून निघाले. गुरुजींनी ते मुलांना जरूर वाचायला द्यावे.

आपल्या आज्या-पणज्या पंढरीला निघत तेव्हा थोडे पैसे चंचीत, थोडे कनवटीला, एखादी नोट चोळीच्या आत आणि चार नाणी गाठोड्यातल्या पिठाच्या पिशवीत असत. एक गेले तरी दुसरे राहावे, हा त्यातला हिशेब. विमानात बसताना हा हिशेब आपण विसरतो, आणि विसरतो तो भोळेपणाने. आपल्याकडे चार जण एकत्र निघाले की एक जबाबदार माणूस नेमायचा आणि सगळ्यांचे सगळे त्याच्या स्वाधीन करायचे, ही रीत आहे. गावच्या जत्रेत ती ठीक असेल. परदेशात तिने काय होते ते सांगतो.

आमच्या भागातली वीसेक मंडळी मध्यंतरी एका सहलीला गेली होती. नावे सांगत नाही, सहल नेणाऱ्याचेही नाही. नेणाऱ्याने पहिल्याच दिवशी सर्वांचे पासपोर्ट गोळा केले आणि एका थैलीत ठेवले. म्हाताऱ्यांकडून हरवतील, ही काळजी. हेतू चांगलाच. तिसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या दिवाणखान्यात ती थैली खुर्चीशेजारी ठेवून तो सामानाच्या पेट्या मोजू लागला. पेट्या भरल्या, थैली नव्हती. पुढे शनिवार-रविवार आला. मंडळी चार दिवस तिथे अडकून पडली. त्यांतल्या एका बाईची मुलगी इकडे मंचरला बाळंत व्हायची होती. पहिली खेप, आईने पाठीशी असावे म्हणून परतीचा दिवस मोजून ठरवलेला. नातू झाल्याचे तिला परदेशातल्या त्या हॉटेलात टेलिफोनवर कळले. थैलीत रोकड मुळीच नव्हती, दागिनाही नव्हता.

म्हणून मी म्हणतो की परदेशात तुमच्याजवळची सर्वांत मोलाची वस्तू सोने नव्हे, पासपोर्ट होय. १९६७च्या पारपत्र कायद्याप्रमाणे तो भारत सरकारच्या मालकीचा असतो, तुमच्याकडे तो सांभाळायला दिलेला असतो. तो ज्याचा त्याने आपल्या अंगावर, कपड्याच्या आतल्या पट्ट्यात बाळगावा, नाहीतर खोलीतल्या तिजोरीत कुलूपबंद ठेवावा. मागच्या खिशात किंवा खांद्यावरच्या उघड्या पिशवीत कधीही ठेवू नये. पहिल्या आणि शेवटच्या पानाच्या छायाप्रती काढून एक पेटीत ठेवा, एक घरी मुलाजवळ द्या. सोबत दोन फोटो असू द्यात. आखातात नोकरीला जाणाऱ्या मुलांना हेही सांगा, की पासपोर्ट मालकाने ठेवून घेणे हा रिवाज असला तरी तो हक्क नव्हे.

तरीही गेलाच, तर? आधी तिथल्या पोलिसांत वर्दी द्यायची आणि तिचा कागद हातात घ्यायचा. तो घेऊन भारताच्या वकिलातीत जायचे. छायाप्रत असली की ओळख पटायला वेळ लागत नाही. परतीची घाई असेल तर वकिलात एक तात्पुरता दाखला देते. त्यावर एकदाच आणि फक्त भारतात परत येता येते. नवा पासपोर्ट मग इथे आल्यावर काढायचा. काही देशांत बाहेर पडण्यासाठी तिथल्या कचेरीची वेगळी परवानगी लागते, तेही वकिलातीत विचारून घ्यावे. वकिलातीचा अडीअडचणीचा टेलिफोन नंबर निघण्यापूर्वी कागदावर लिहून घ्या. कागदावर म्हणतो ते मुद्दाम, कारण चोर बहुधा आधी मोबाईलच पळवतो.

पैशांचेही तसेच आहे. १८९१ साली अमेरिकेत प्रवासी धनादेश निघाले. त्यांतली युक्ती अशी, की चोरलेला कागद चोराला सहीशिवाय वठवता येऊ नये आणि मालकाला दुसरा मिळावा. आता ते जवळजवळ मागे पडले आणि त्यांची जागा बँकेच्या कार्डाने घेतली. हरवल्याबरोबर बंद करता येते, हा कार्डाचा मोठा गुण. परंतु बंद करायला बँकेचा नंबर हवा. शिवाय बँकेच्या काही व्यवहारांसाठी जो आकडा येतो, तो तुमच्या भारतातल्या सिमकार्डावर येतो. मोबाईल आणि कार्ड एकाच पर्समध्ये असले आणि पर्स गेली, तर माणूस भर बाजारात निर्धन होतो. नवरा-बायको दोघे जात असाल तर दोन वेगळी कार्डे दोघांजवळ ठेवा. थोडी रोकड तिसऱ्या ठिकाणी. गुप्त आकडा कार्डाच्या पाकिटावर लिहून ठेवणारे महाभाग मी पाहिले आहेत, त्यांच्यापुढे हात टेकले.

सोन्याबद्दल मात्र आमच्या माता-भगिनींचा रोष पत्करून बोलतो. बोरमाळ आणि पाटल्या घरीच ठेवा, त्याहून बरे बँकेच्या लॉकरात. मंगळसूत्र काळ्या मण्यांचे साधे घाला. मौल्यवान दागिना न्यायचाच असेल, तर निघताना विमानतळावर कस्टमच्या अधिकाऱ्याला तो दाखवून तसा दाखला घ्या. नाहीतर परत येताना हा दागिना इथूनच नेला होता, हे सिद्ध करण्याची पाळी तुमच्यावर येते. आणि दागिना, औषधे, कागदपत्रे विमानाच्या पोटात जाणाऱ्या पेटीत कधीही घालू नयेत. पेटी आलीच नाही, तर विमानतळ सोडण्यापूर्वीच कंपनीच्या खिडकीवर लेखी तक्रार नोंदवावी. मोडकी आली तर सात दिवसांत लेखी कळवावे लागते. भरपाईला मर्यादा असते.

चोरांच्या कलेबद्दल थोडे. तिथला पाकीटमार आपल्या एस. टी. स्टँडवरच्यापेक्षा निराळा दिसत नाही, उलट चांगल्या कपड्यांत असतो. पॅरिसमधल्या लूव्र या जगप्रसिद्ध संग्रहालयात खिसेकापूंचा एवढा सुळसुळाट झाला, की एप्रिल २०१३मध्ये तिथल्या नोकरांनी काम थांबवले आणि संग्रहालय एक दिवस बंद राहिले. कोणी तुमच्या कोटावर काहीतरी सांडतो आणि पुसायला धावतो, पुसणाऱ्याचा दुसरा हात खिशात असतो. कोणी मुली कागदावर सही मागतात. साध्या वेशातला एखादा ‘पोलीस’ पाकीट तपासायला मागतो. त्याच्या हाती पाकीट देऊ नये, चला ठाण्यावर, असे खुणेने सांगावे. भाषा येत नाही म्हणून भिडस्तपणे हसत उभे राहणे हाच आपल्या माणसाचा घात करतो. मराठीत मोठ्याने ओरडले तरी चालते, चोराला ओरड्याची भाषा कळते.

शिक्षकबंधूंना एक विनंती. गावात कोणाचा फॉर्म भरायचा असला की लोक अजून तुमच्याकडेच येतात. परदेशी निघालेल्या म्हाताऱ्या जोडप्याला एक कार्ड लिहून द्या. एका बाजूला इंग्रजीत नाव, उतरण्याचा पत्ता, मुलाचा टेलिफोन. दुसऱ्या बाजूला मराठीत पासपोर्टचा क्रमांक, बँकेचा आणि वकिलातीचा नंबर. हजला जाणाऱ्या भारतीय यात्रेकरूंच्या मनगटात ओळखीचे पोलादी कडे असते, त्याच कामाचे हे कार्ड. दोन प्रती करा. एक त्याच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात, दुसरी तिच्या बटव्यात. आणि ते वाचता येते ना, हे चष्मा लावून एकदा दोघांकडून वाचून घ्या.