डिंक्या रोग आणि बुंध्याचे पाणी



मोसंबीचे झाड लावल्यापासून भरघोस फळ येण्यास पाच-सहा वर्षे जातात. तितकी वर्षे कर्ज काढून, प्रसंगी डोक्यावर पाणी वाहून जगविलेले झाड ऐन बहारात वाळले, म्हणजे घरातला कर्ता माणूस अंथरुणास खिळल्यासारखे होते. मग कोणी म्हणतो नजर लागली, कोणी म्हणतो देवाचा कोप झाला. नारळ-कोंबडे जाते आणि झाडही जाते. बाबांनो, हा कोप नव्हे. हा डिंक्या रोग आहे.

बुंध्याची साल चिरते, तीतून डिंक ओघळतो, पाने पिवळी पडतात. हे फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीचे काम. शास्त्रज्ञ तिला खऱ्या बुरशीहून निराळ्या कुळातली मानतात. आपण इतकेच ध्यानी धरावे की, तिची बीजे पाण्यात पोहतात. एका आळ्यातले पाणी दुसऱ्या आळ्यात गेले की रोगही गेला. त्यातून आपल्या परभणीकडची काळी जमीन पाणी धरून ठेवणारी.

म्हणून पहिले औषध फावडे! बुंध्यापासून हातभर अंतरावर मातीचे एक कडे करावे, त्याबाहेर फांद्यांच्या घेराइतके दुसरे. पाणी ह्या दोन कड्यांच्या मध्येच द्यावे. बुंध्यास शिवू देऊ नये. पाटाचे पाणी प्रत्येक आळ्यास स्वतंत्र मिळावे. पावसाळ्यापूर्वी उताराकडे चर काढावेत. कलमाचा सांधा जमिनीच्या वर वीतभर तरी उघडा ठेवावा. नवी रोपे घेताना रंगपूर लिंबाच्या खुंटावरची मागावी. जंबेरीपेक्षा तो खुंट ह्या रोगापुढे अधिक टिकतो.

दुसरे औषध मोरचूद व चुना. फ्रान्सात बोर्डो शहराजवळ वाटेवरची द्राक्षे कोणी खाऊ नयेत म्हणून शेतकरी वेलींवर हे शिंपीत. त्या वेली केवडा रोगातून वाचल्या, हे मिलार्डे नावाच्या अध्यापकाने 1882 साली हेरले. मूळ युक्ती शेतकऱ्याची, हे विसरू नका!

आपण ते असे करावे: 1 किलो मोरचूद 5 लिटर पाण्यात, 1 किलो कळीचा चुना 5 लिटर पाण्यात, निरनिराळे भिजवावे. भांडी मातीची किंवा प्लास्टिकची, लोखंडाची नकोत. चुना निवाला की दोन्ही तिसऱ्या भांड्यात एकदम ओतून ढवळावे. त्यात लोखंडी विळा बुडवून पाहावा; तांबूस झाला तर चुना वाढवावा. रोगट साल धारदार चाकूने निरोगी भागापर्यंत खरवडून जाळावी, चाकू धुवावा, आणि हा लेप त्याच दिवशी बुंध्यास दोन-तीन फूट उंचीपर्यंत लावावा. पावसाळ्याच्या आधी एकदा, नंतर एकदा पुरे. तांबे मातीत साठत जाते, म्हणून जास्तीचा हव्यास नको.

मुळांपाशी ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी कुजलेल्या शेणखतात मिसळून द्यावी. मोरचुदाबरोबर ती कधीही मिसळू नये, मरेल. परभणीचे कृषी विद्यापीठ 1972 पासून आहे. ते आपल्याच करातून चालते. तेथे जाऊन विचारण्यास भिण्याचे कारण नाही.

शेवटी एकच विनंती. वरच्या शेतातले रोगट पाणी खालच्या शेतात उतरते. तेव्हा बांधावरचे भांडण बाजूस ठेवून दोघा शेजाऱ्यांनी मिळून चर खणावा. एकट्याची बाग एकट्याने वाचत नाही.