काडतुसाची पुंगळी आणि स्वस्त दाबयंत्र



बंदुकीचा बार उडाला कीं काडतूस संपलें, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः संपतात ते त्याचे तीन भाग: गोळी, दारू आणि ठिणगी पाडणारी टोपी. चौथा भाग म्हणजे पितळी पुंगळी. ती शाबूत राहते, आणि काडतुसाच्या किमतींतला मोठा वांटा पुष्कळदां तिचाच असतो. अमेरिकेंतील हौशी नेमबाज व शिकारी ती फेंकून देत नाहींत. तिला पुन्हां मापांत आणून, नवी टोपी, नवी दारू व नवी गोळी घालून ते तिचें दुसऱ्यांदां, पांचव्यांदां काडतूस करतात. हा उद्योग तिकडे जुना आहे. 'आयडियल' नांवाचीं सांडशीसारखीं हत्यारें या कामासाठीं १८८४ पासून विकलीं जाऊं लागलीं. पुढें २०१३ मध्यें आणि पुन्हां २०२० मध्यें तेथें काडतुसांची टंचाई पडली, तेव्हां पुष्कळ नवखे लोक इकडे वळले.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र-कायद्यान्वयें परवान्यावाचून काडतुसें तयार करणें हा गुन्हा आहे. तेव्हां आजचें भाषण इकडील घरांत करून पाहण्यासाठीं नाहीं. अमेरिकेंत मात्र स्वतःच्या वापरापुरतीं काडतुसें भरण्यास मध्यवर्ती सरकारचा परवाना लागत नाहीं. विकण्यासाठीं भरलीं तर लागतो. आपले कित्येक आप्तेष्ट तिकडे स्थायिक झाले आहेत, आणि त्यांतील कोणाला रायफलीचा नाद लागला कीं घरांत पहिला प्रश्न उठतो तो यंत्राचा: केवढें घ्यावें व किती पैसे घालावे?

एक खुलासा आधींच केलेला बरा. कोल्हापूरकडील स्वप्निल कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांत ५० मीटर रायफलीचें कांस्यपदक मिळविलें, हें आपणांस ठाऊक आहेच. त्या सामन्याचीं .२२ काडतुसें आजच्या विषयांत येत नाहींत. त्यांचें स्फोटक द्रव्य तळाच्या कडेंत भरलेलें असतें. ती कड एकदां चेपली कीं पुंगळीचा उपयोग संपला. आपल्याला विचार करावयाचा आहे तो तळाच्या मध्यभागीं वेगळी टोपी बसविलेल्या मोठ्या काडतुसांचा. उदाहरणार्थ, अमेरिकन सैन्यानें १९०६ मध्यें स्वीकारलेलें आणि आजही शिकाऱ्यांच्या आवडीचें असलेलें .३०-०६ जातीचें काडतूस घ्या.

बार उडतांना ही पुंगळी फुगून रायफलीच्या कोठीला चिकटते. तिला पूर्वस्थितीवर आणण्यासाठीं पोलादी साच्यांत दाबावें लागतें. या साच्याला तिकडे डाय म्हणतात. दाबयंत्राचें मुख्य काम हेंच. वरच्या बाजूस साचा आट्यांनीं बसवितात, खालच्या दट्ट्यावर पुंगळी उभी करतात आणि लांब दांडा ओढून तिला साच्यांत चढवितात. त्याच खेपेस साच्यांतील सुई जुनी टोपी बाहेर ढकलते. ही सुई चालते ती तळाला मधोमध एकच भोंक असलेल्या पुंगळ्यांत. ही रचना बॉक्सर या इंग्रजाची. दोन भोंकांची दुसरी रचना बर्डन या अमेरिकनाची. गंमत अशी कीं इंग्रजाची रचना अमेरिकेंत रुजली आणि अमेरिकनाची युरोपांत! जुन्या लष्करी पुंगळ्या स्वस्तांत मिळाल्या तरी घेण्यापूर्वीं आंत डोकावून पाहावें, तें याचसाठीं.

आतां यंत्राच्या दोन जाती. एकींत दांड्याच्या प्रत्येक ओढीबरोबर एकच क्रिया होते: आधीं सगळ्या पुंगळ्या दाबून घ्या, मग साचा बदला, मग सगळ्यांत गोळ्या बसवा. दुसरींत चार-पांच साचे एकदम बसलेले असतात व प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस बाहेर पडतें. दुकानदार नवख्याला दुसरी जात दाखवितो, कारण ती वेगवान आणि महाग. माझें मत स्पष्टपणें पहिलीच्या बाजूचें आहे, आणि तें केवळ पैशाकडे पाहून नव्हे.

या कामांतला खरा धोका दारूच्या मापांत असतो. कमी वजनाची, झपाट्यानें जळणारी दारू वापरतांना एकाच पुंगळींत चुकून दोनदां माप पडलें तरी तें बाहेर सांडत नाहीं, आणि रायफल फुटून हात किंवा डोळा जाऊं शकतो. एका क्रियेच्या यंत्रावर काम करणारा मनुष्य पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्याच्या भोंकांत उभ्या करतो, सर्वांत दारू भरतो, आणि गोळी बसविण्यापूर्वीं दिवा धरून ओळीनें प्रत्येकींत पाहतो. जिच्यांतली पातळी शेजारणीहून वर किंवा खालीं, ती तत्काळ नजरेस येते. वेगवान यंत्रांत हें पाहणें प्रत्येक ओढीच्या ओघांत साधावें लागतें. तें सराव झालेल्याचें काम आहे. शिवाय रायफलवाला महिन्याला पिस्तुलवाल्यासारखीं हजारों काडतुसें थोडींच उडवितो! तासाला पन्नासएक झालीं तरी त्याला पुरे.

मग एका क्रियेच्या यंत्रांतलें स्वस्त कोणतें घ्यावें? येथें नांवापेक्षां चौकट पाहावी. कांहीं चौकटी इंग्रजी 'सी' अक्षरासारख्या एका बाजूनें उघड्या, तर कांहीं 'ओ' सारख्या सर्व बाजूंनीं बंद असतात. उघड्या चौकटींत हात घालण्यास सोय असते, पण .३०-०६ सारखी लांब पुंगळी दाबतांना जोर मोठा लागतो आणि अशी चौकट किंचित् फांकते. हें किंचित् येथें क्षुल्लक नसतें. पुंगळीचा खांदा इंचाच्या एक-दोन सहस्रांश भागानें मागें सरावा असा हिशेब असतो. चौकट फांकली तर एक पुंगळी पुरती दबते, दुसरी दबत नाहीं. मग न दबलेली कोठींत अडकते म्हणून मनुष्य साचा आणखी खालीं आणतो, आणि जास्त दबलेल्या पुंगळ्या दोन-चार बारांत ताणल्या जाऊन बुडाशीं तडकतात.

परीक्षा सोपी आहे. वंगण लावलेली पुंगळी साच्यांत चढवून दांडा शेवटपर्यंत ओढावा, आणि साच्याचा तळ व खालची पुंगळी धरणारी चकती यांच्यामध्यें पाहावें. रिकाम्या यंत्रांत तीं एकमेकांस टेकत होतीं, पण पुंगळी आंत असतांना उजेडाची रेघ दिसली, तर चौकट ताण घेत आहे असें समजावें.

बाजारांतील नांवें घ्यावयाचीं तर विस्कॉन्सिनच्या ली कंपनीचें 'रीलोडर' हें ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचें, उघड्या चौकटीचें लहान यंत्र फार स्वस्त पडतें. गोळी बसविण्यास, टोप्या काढण्यास तें उत्तम. मोठ्या पुंगळ्या रोज दाबण्यास मी तें सुचविणार नाहीं. त्याच कंपनीचें 'चॅलेंजर' बंद चौकटीचें असून सामान्य रायफलवाल्याला पुरतें. दोन पैसे अधिक टाकण्याची ऐपत असेल तर तिचेंच बिडाचें 'क्लासिक कास्ट' घ्यावें. कॅलिफोर्नियांत १९४३ सालीं फ्रेड हंटिंग्टन यांनीं काढलेल्या आर. सी. बी. एस. कंपनीचें 'रॉक चकर' हेंही बिडाचें व नांवाजलेलें. रॉक चक म्हणजे तिकडचा एक बिळांत राहणारा प्राणी; त्याच्या शिकारीसाठीं गोळ्या घडविणाऱ्या साच्यावरून कंपनीलाच नांव पडलें! या यंत्राला कित्येक वर्षें कांहीं होत नाहीं, म्हणून जुनें मिळालें तर अवश्य पाहावें. दट्ट्या वर नेऊन बोटांनीं हलवावा, खडखडला तर सोडून द्यावें. साच्यांची काळजी नको. बहुतेक सर्वांचे आटे सात-अष्टमांश इंच व्यासाचे, इंचाला चौदा, असे ठरलेले आहेत. त्यामुळें एकाचा साचा दुसऱ्याच्या यंत्रांत बसतो.

यंत्रांत वांचलेला पैसा तराजूंत घालावा. दारू ग्रेन या वजनानें मोजतात. आपल्या तोळ्याचे १८० ग्रेन आणि गुंजा ९६. म्हणजे एक ग्रेन अर्ध्या गुंजेहून किंचित् जास्त. त्याचाही दहावा हिस्सा दाखवील असा तराजू हवा, आणि तो खरा आहे कीं नाहीं हें ताडण्यास प्रमाण वजनें हवींत. त्याखालोखाल लांबी मोजण्याचें कॅलिपर आणि दारूच्या प्रमाणांचें छापील पुस्तक. त्या पुस्तकांतील सर्वांत कमी प्रमाणापासून आरंभ करावा. शेजारच्या मित्रानें तोंडीं सांगितलेलें प्रमाण, तो कितीही अनुभवी असो, घेऊं नये. टेबलावर एका वेळीं दारूचा एकच डबा असावा, कारण दोन निरनिराळ्या दारू डोळ्यांना सारख्याच दिसूं शकतात.

घरांत मुलें असलेल्यांनीं आणखी एक गोष्ट पाहावी. उडालेल्या टोपींतून जी काळी धूळ पडते तिच्यांत शिसें असतें. 'क्लासिक कास्ट' मध्यें या टोप्या पोकळ दट्ट्यांतून खालच्या नळींत जातात. कांहीं यंत्रांत त्या पुढच्या तबकांत पडतात व थोडी धूळ आजूबाजूस उडते. यंत्र कोणतेंही असो, त्यासाठीं गॅरेजमध्यें किंवा वेगळ्या खोलींत जड टेबल ठेवून त्याला तें बोल्टांनीं पक्कें बसवावें. स्वयंपाकघराच्या ओट्यावर तें कधींही आणूं नये, आणि काम आटोपल्यावर हात साबणानें धुतल्यावांचून ताटाला शिवूं नये.