झुंबीनं तह का झिडकारला



शाळेत आपल्याला पोर्तुगीज भेटतात ते गोव्यात, नाहीतर वसईच्या किल्ल्यात. तेच पोर्तुगीज तिकडं ब्राझीलमध्ये काय करीत होते, ते कुठलाच मास्तर सांगत नाही.

आफ्रिकेतून, विशेषतः अंगोलाकडून, माणसं जहाजात कोंबून आणायची आणि पेर्नांबुकोच्या उसाला जुंपायची. हंगामात गुऱ्हाळं रात्रंदिवस चालायची. १६०० च्या आसपास त्यातली काही माणसं निसटली आणि बारिगाच्या डोंगराकडं ताडामाडाच्या रानात शिरली. त्या झाडांवरनंच मुलखाला नाव पडलं पाल्मारेस.

पळालेली माणसं म्हटलं की आपल्याला कंदमुळं उकरणारी चार भुकेली तोंडं दिसतात. ते चित्र डोक्यातून काढा. या लोकांनी मका, घेवडा, रताळी पिकवली. कसावा लावला, ज्याचा आपल्याकडं साबुदाणा होतो तो. झावळ्यांनी घरं शाकारली, तेल गाळलं, लोहाराचा भाता पेटवला. आसपासच्या वसाहतवाल्यांना धान्य देऊन मीठ आणि हत्यारं घेतली. एक नाही, कितीतरी गावं, हजारो माणसं. माकाको हे मुख्य गाव, भोवती लाकडी तट. तिथले आदिवासी आले, काही कंगाल गोरेही आले. मध्ये डचांनी फौजा धाडल्या, त्यांनाही पाल्मारेस पुसता आलं नाही.

स्वर्ग नव्हता तो. राजा होता. धाडीत धरून आणलेल्यांना राबवायचे, असं पोर्तुगीज कागद सांगतात. पाल्मारेसच्या माणसाच्या हातचा कागद एकही नाही. आपल्यापर्यंत आलंय ते मारणाऱ्यांनी लिहिलेलं, हे ध्यानात ठेवूनच वाचायचं.

१६७८ साली सरकारनं गांगा झुंबा या राजापुढं तह ठेवला. पाल्मारेसात जन्मला तो मोकळा. बाहेरून पळून आला तो मालकाला परत. म्हणजे पोरगं मोकळं, आणि त्याची आय पुन्हा उसात! गांगा झुंबानं मानलं, आपली माणसं घेऊन कुकाऊला उतरला. झुंबी नावाच्या जवान सेनापतीनं झिडकारलं. गांगा झुंबा थोड्याच दिवसांत मेला, विष घातलं म्हणतात. कुकाऊला गेलेल्यांच्या गळ्यात पुन्हा जोखड पडलं.

झुंबी पुढं पंधराएक वर्षं लढला. फेब्रुवारी १६९४ मध्ये दोमिंगोस जोर्ज व्हेल्योच्या फौजेनं माकाको फोडलं. २० नोव्हेंबर १६९५ ला झुंबीला मारलं. मुंडकं रेसिफेला नेऊन टांगलं, का तर हा अमर आहे असं काळी माणसं बोलत होती.

१३ मे १८८८ ला राजकन्या इझाबेलनं सही करून गुलामी उठवली. जमीन दिली नाही, दमडी दिली नाही. वर दरसाल तिचे आभार मानायचे! १९७१ साली पोर्तो आलेग्रे शहरात मूठभर काळ्या पोरांनी ठरवलं, १३ मे आमचा दिवस नाही. आमचा २० नोव्हेंबर.

२०२४ पासून त्या दिवशी अख्ख्या ब्राझीलला सुट्टी असते. मालकांच्या नातवंडा-पतवंडांनासुद्धा.