भाकीत आणि हिशेब
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



अक्षय्य तृतीयेस आपल्याकडे वर्षीतपाचे पारणे उसाच्या रसाने होते. त्याच सायंकाळी आपल्या जिल्ह्यातील जळगाव जामोद तालुक्यात, भेंडवळ येथे, शेतात घट मांडला जातो. मध्यभागी खड्डा, त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर आणि सभोवती अठरा प्रकारची धान्ये अशी ती मांडणी असते. दुसऱ्या दिवशी पहाटे तिचे निरीक्षण करून पाऊस व पिके यांचे भाकीत जाहीर होते. श्रद्धेचा प्रश्न आज मी बाजूस ठेवतो. परंतु एक गोष्ट मान्य करावी लागते. हे भाकीत ठरलेल्या दिवशी, पेरणीपूर्वी, चारचौघांसमक्ष सांगितले जाते आणि वृत्तपत्रांत छापून येते. ज्याला पडताळा पाहावयाचा असेल, त्याने पावसाळा संपल्यावर ते कात्रण आणि पर्जन्यमानाचे आकडे शेजारी ठेवावेत.

शेअर बाजारात ‘आज विका, उद्या घ्या’ असे सांगणारे सल्लागार बहुधा एवढीही सोय ठेवत नाहीत. त्यांचे खरे ठरलेले अंदाज आपल्या मोबाइलवर येतात. चुकलेले येत नाहीत. आपल्या समाजातील तरुणांची पहिली कमाई आणि ज्येष्ठांची निवृत्तीची पुंजी अशा सल्ल्यावर लागत आहे. म्हणून चार कसोट्या आपणांसमोर ठेवतो.

पहिली कसोटी संपूर्ण यादीची. कापडाच्या धंद्यात किती तागे विकले यावरून नफा ठरत नाही. हंगामाअखेर उरलेला माल पडत्या भावात काढल्यावर ठरतो. सल्लागारानेही प्रत्येक सल्ला तारीख-भावासह दाखवावा, चुकलेलाही.

दुसरी कसोटी योगायोगाची. 1,024 जणांनी केवळ नाणे उडवून दहा महिने तेजी-मंदी सांगितली, तर सरासरीने एकाचे दहाही अंदाज बरोबर ठरतील. जाहिरात त्या एकाचीच होते. म्हणून पाच-दहा अंदाज जुळले, हा पुरावा अपुरा आहे.

तिसरी कसोटी दोन निर्णयांची. जानेवारी 2008 मध्ये सेन्सेक्स 21,000 च्या वर होता. मार्च 2009 मध्ये तो 8,000 च्या आसपास आला. आधी विकून बाहेर पडलेला शहाणा ठरला. परंतु लोकसभेच्या निकालानंतर 18 मे 2009 रोजी सेन्सेक्स एकाच दिवसात सुमारे 17 टक्के चढला आणि व्यवहार थांबवावे लागले. तोपर्यंत जो परत आत शिरला नव्हता, त्याची ती चढण हुकली. केव्हा निघावे आणि केव्हा परतावे, ही दोन्ही उत्तरे बरोबर यावी लागतात. प्रत्येक उत्तर 60 टक्के वेळा बरोबर येते असे धरले, तरी दोन्ही बरोबर येण्याची शक्यता 36 टक्केच उरते.

चौथी कसोटी तुलनेची. त्याच काळात तीच रक्कम निर्देशांकावरील फंडात स्वस्थ ठेवली असती तर काय मिळाले असते? सल्लागाराच्या नफ्यातून त्याची फी, दलाली आणि कर वजा करावा. 23 जुलै 2024 पासून, बारा महिन्यांच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर 20 टक्के कर आहे.

सेबीने डिसेंबर 2025 मध्ये अवधूत साठे ट्रेडिंग अकॅडमीसंबंधी आदेश काढून सुमारे 546 कोटी रुपये जप्त करण्याचे निर्देश दिले. निवडक सहभागींचे नफ्याचे व्यवहार तेवढे दाखविले जात, हा त्यातील एक आक्षेप होता. तो आदेश अंतरिम होता, हेही नमूद केले पाहिजे. त्याच महिन्यात सल्लागारांच्या परताव्याची पडताळणी करणारी स्वतंत्र व्यवस्था सेबीने सुरू केली. तीत सल्लागार नाव नोंदवील तेथून पुढचाच हिशेब मोजला जातो, त्यामुळे जुने सोयीचे अंदाज निवडून दाखविता येत नाहीत. सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेबीच्या अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत वायदे व ऑप्शन व्यवहारांत 93 टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला. एकूण तोटा 1.8 लाख कोटी रुपयांहून अधिक होता.

बंधुभगिनींनो, प्रतिक्रमणात आपण दिवसभरातील दोष आठवतो. ज्या सल्लागाराच्या वहीत दोषांचे पान नाही, त्याची वही अपुरी समजावी. त्याचा सेबी नोंदणी क्रमांक विचारावा, तो स्वतः तपासावा. यादी मिळाली नाही, तर त्याचे अंदाज आजपासून आपणच वहीत टिपावेत आणि दोन-तीन वर्षांचा ताळा जमेपर्यंत एक रुपयाही लावू नये. मोह आवरण्यास परिग्रह-परिमाण व्रत आपल्यापाशी आहेच.

माझ्या बोलण्याने कोणाचे मन दुखावले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.