पत्रा कशाने धरायचा?

(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



आजचा विषय काहींना फार बारीक वाटेल. गावोगावचे गट वर्गणी काढून बंद ट्रॉली बांधून घ्यायच्या गोष्टी करताहेत. टायर कोणते, अ‍ॅक्सल किती टनांचा, यावर आपण तासन् तास बोलतो. पण बाहेरचा पत्रा सांगाड्याला कशाने जोडणार, हे कारागिराला कोणी विचारत नाही. तो म्हणतो, "एकदम फिट करून देतो," आणि आपण इसार देऊन मोकळे होतो.

आधी एक सांगतो. वर्षातून दोन खेपा कापसाच्या करायच्या असतील तर ताडपत्री आणि दोर पुरेसा आहे. बंद ट्रॉली त्या गटाने घ्यावी, ज्याला ज्वारीची पोती, बियाणे, डाळ बारा महिने न्यायची आहे आणि कापूसही. पण एकदा पैसा घातला, की आत पाणी येता कामा नये. सीसीआय ८ ते १२ टक्के ओलाव्याचा कापूस घेते. १२ च्या वर गेला की गाडी परत. अवकाळीची एक सर आणि छतावरची दहा गळकी भोके, एवढ्यावर हमीभाव हातचा जातो.

पत्रा गळतो का, सुटतो का? याचे उत्तर तुम्हाला बैलगाडीने केव्हाच दिले आहे. चाकावर धाव चढवताना लोहार ती लाल करतो. तापली की वाढते, चाकावर बसते आणि निवली की आवळते. ट्रॉलीचा पत्रा हेच रोज करतो. रात्री १५ अंश, दुपारी उन्हात ६५. या ५० अंशांत ३ मीटर लांबीचा लोखंडी पत्रा सुमारे १.८ मिलिमीटर वाढतो आणि अ‍ॅल्युमिनियमचा सुमारे ३.५. सांगाडा लोखंडाचा आणि पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा असला, तर दोघांची ओढाताण रोज चालते. त्यात पांदणीतले हादरे. हा ताण जोडावर येतो.

जोडायच्या रीती चार.

पहिली वेल्डिंग. सांगाड्याला आणि तळाच्या जाड प्लेटला हीच रीत. पण पातळ पत्र्याला टाके मारले की तो वेडावाकडा होतो. जीआय पत्र्यावरचा जस्ताचा थर टाक्यापाशी जळून जातो आणि गंज तिथूनच धरतो. तो धूर वेल्डरच्या छातीलाही वाईट.

दुसरी स्क्रू. काम झटपट, उघडायला सोपे. पण दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या पाईपात स्क्रूचे आटे किती धरणार? हादऱ्याने ते ढिले होतात, भोक मोठे होते, रबरी वायसर उन्हाने तडकतो. स्क्रू घेतले तर हंगामाआधी सगळे तपासायची शिस्त हवी.

तिसरी रिव्हेट. याला आटे नसतात, म्हणून हादऱ्याने फिरून सुटायचा प्रश्न नाही. पत्रा काढायचा तर डोके ड्रिलने उडवायचे आणि नवा रिव्हेट ठोकायचा; भोक मोठे झाले असेल तर एक माप वरचा. हातयंत्र स्वस्त आहे, गावातला पोरगा शिकतो. पावसाच्या जागी बंद तोंडाचा रिव्हेट घ्या. लोखंडाला अ‍ॅल्युमिनियम उघडे चिकटू देऊ नका. ओल मिळाली की अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते. मध्ये रंग किंवा पट्टी हवीच.

चौथी चिकटपट्टी किंवा पॉलियुरेथेनचा डिंक. अमेरिकेत बंद ट्रेलर दोन तऱ्हेचे विकतात, स्क्रू दिसणारे आणि न दिसणारे. न दिसणाऱ्यात पत्रा चिकटवलेला असतो. भोक नाही, गळती कमी, पत्र्याची वाढ पट्टी सोसून घेते. रीत चांगली आहे. पण तेलाचा हात किंवा धुळीचा थर राहिला तर पकड गेली. पट्टीला पुरती ताकद यायला सुमारे ७२ तास लागतात, आणि थंडीत ती नीट धरत नाही. पुढे कोपरा चेपला तर पत्रा कापूनच काढावा लागतो. उघड्यावर, धुळीत काम करणाऱ्या दुकानात ही रीत करून घेऊ नका.

मग घ्यायचे काय? माझे मत असे. बाजूंना एकच लांब पत्रा न लावता तुकडे लावा आणि ते रिव्हेटने धरा. फाळक्याची धडक, बैलाचे शिंग, दगड, सगळे खालच्या भागाला लागते. तिथला तुकडा एकटा बदलता आला पाहिजे. छतावर मात्र भोके कमीत कमी. कडेला सीलंट आणि रिव्हेट दोन्ही. वरच्या पत्र्याची कड खालच्यावर यावी, घरावर पत्रे घालतो तशी. ती उलटी आली तर कितीही सीलंट भरा, पाणी आत शिरणारच.

आणखी एक गोष्ट, जिवाची. पत्र्यामागच्या फटीत कापसाचे तंतू साठतात. दुरुस्तीला वेल्डिंगची ठिणगी पडली की ते आत धुमसत राहतात आणि दोन तासांनी ट्रॉली पेटते. म्हणून आधी पत्रा खोला, तंतू झाडून काढा, पाणी जवळ ठेवा, काम झाल्यावरही लक्ष ठेवा. पत्रा खोलता येणारा हवा, हे म्हणण्याचे मोठे कारण हेच.

इसार देण्याआधी कारागिराला पाच प्रश्न विचारा. पत्रा कोणत्या धातूचा आणि किती जाडीचा? जोड कशाचा आणि दोन जोडांत अंतर किती? पत्र्याला वाढायला जागा कुठे ठेवली? पाणी अडवायला कुठे काय भरले? एक तुकडा बदलायचा तर गावात बदलता येईल का? उत्तरे कोटेशनवर लिहून घ्या. तोंडी "फिट" ला पावती नसते.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने दोन कारागिरांची लेखी कोटेशने आणावीत. आपण ती सर्वांसमोर ताडून पाहू. तोवर कोणी इसार देऊ नये, एवढीच विनंती.