आजारी बालकाचा चार्ज
(सिंदेवाही येथे पंचायत सदस्य, शिक्षक व आरोग्य कर्मचारी यांच्यापुढे केलेले भाषण)



आपल्यापैकी बहुतेकांनी केव्हा ना केव्हा चार्ज दिला आहे किंवा घेतला आहे. मुख्याध्यापकांची बदली झाली की जडसंग्रह नोंदवही उघडली जाते, मोडक्या खुर्च्याही मोजल्या जातात आणि यादीवर दोघांच्या सह्या होतात. ग्रामपंचायतीची कीर्द अशीच रीतसर सोपविली जाते. अत्यवस्थ बालक मात्र एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा पुष्कळदा ना यादी असते, ना सही. आज मला याच उणिवेविषयी बोलावयाचे आहे.

एक उदाहरण कल्पू या. रोवणीचे दिवस आहेत. जमिनीवर झोपलेल्या सात वर्षांच्या मुलीला रात्री मण्यार चावते. या दंशाची जखम सहसा दुखत नाही आणि व्रणही नीट दिसत नाही. पहाटे मुलगी पोट दुखते म्हणून रडू लागते, थोड्या वेळाने तिच्या पापण्या जड होतात. आशाताई तिला ग्रामीण रुग्णालयात आणतात. तेथे सर्पदंशावरील लस सुरू होते आणि श्वास मंदावण्याची चिन्हे दिसताच १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेतून तिला मूलमार्गे चंद्रपूरला रवाना केले जाते. हे अंतर सुमारे सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरांचे आहे. अतिदक्षता विभागात पोहोचेपर्यंत ती चार-पाच हातांतून गेलेली असते आणि तेथे सकाळ-संध्याकाळ पाळी बदलली की आणखी नवे हात येतात.

आता डॉक्टरांना काय हवे असते? पापण्या प्रथम केव्हा मिटू लागल्या, लसीच्या किती कुप्या दिल्या, केव्हा दिल्या, वाटेत श्वास कसा होता. ही लस बालकालाही मोठ्या माणसाइतकीच द्यावी लागते, कारण मात्रा शरीराच्या वजनावर ठरत नाही. ती अंगात भिनलेल्या विषाला उतारा म्हणून दिली जाते. हे आकडे वाटेत हरवले तर पुढच्या डॉक्टरांना अंदाजाने चालावे लागते. घाबरलेल्या बापाला कुप्यांचा आकडा विचारणे हा काही उपाय नव्हे.

ही अडचण केवळ आपल्या जंगलभागाची आहे असे समजू नये. अमेरिका व कॅनडा येथील नऊ रुग्णालयांच्या बालरोग विभागांत पाळी बदलताना रुग्ण सोपविण्याची एक ठरीव पद्धत लागू करण्यात आली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या अभ्यासात १०,७४० दाखल बालकांची माहिती तपासली गेली. उपचारांतील चुका २३ टक्क्यांनी, तर टाळता येण्याजोग्या इजा ३० टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. विशेष म्हणजे माहिती सोपविण्यास लागणारा वेळ वाढला नाही.

त्या पद्धतीची पाच अंगे आहेत. मूल किती गंभीर आहे, हे आरंभीच सांगावयाचे. आतापर्यंत काय घडले व काय उपचार झाले, ते थोडक्यात मांडावयाचे. पुढे काय करावयाचे आहे आणि ते कोणी, हे ठरवून द्यावयाचे. काय बिघडू शकते व तसे झाल्यास काय करावे, याची सूचना द्यावयाची. शेवटी ऐकणाऱ्याने सारे आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवावयाचे. हे पाचवे अंग आपल्याकडे सर्वाधिक उपेक्षित आहे. "हो, समजले" एवढ्यावर चार्ज पुरा होत नाही.

हे आपल्या माणसांना जमेल काय, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात मिळते. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० नंतरच्या दशकात ३९ गावांत नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. बेताच्या शिक्षणाच्या गावच्या स्त्रियांनी बाळांच्या श्वासाची, वजनाची, दूध पिण्याची नोंद नियमाने ठेवली आणि अनेक बाळे वाचविली. पुढे २०११ मध्ये केंद्र शासनाने घरपोच नवजात काळजीचे हे काम देशभरातील आशांकडे सोपविले. खेड्यातील स्त्रीची नोंद विश्वासार्ह असते, हे याच मातीने दाखवून दिले आहे.

तेव्हा माझी विनंती साधी आहे. ग्रामपंचायतींनी एका पानाची सुपूर्द-चिठ्ठी छापून उपकेंद्रात, अंगणवाडीत व शाळेत ठेवावी. तीत बालकाचे नाव, वय, वजन, लक्षणे दिसल्याची वेळ, दिलेले औषध, त्याची मात्रा व वेळ यांसाठी रकाने असावेत. चिठ्ठी बालकाबरोबर जावी आणि प्रत्येक टप्प्यावर पुढची ओळ भरली जावी. शिक्षकांनी सिकलसेल असलेल्या विद्यार्थ्यांची माहिती पालकांच्या संमतीने जपून ठेवावी. अशा मुलास ताप आला तर ती पहिल्या वाक्यात सांगावी लागते. रुग्णालयांनी निघण्यापूर्वी पुढील रुग्णालयास दूरध्वनी करावा आणि तिकडच्या व्यक्तीकडून मजकूर परत वदवून घ्यावा. चिठ्ठीत उणीव आढळल्यास दोष कोणाचा यावर वाद घालू नये. उणीव तेथेच भरून काढावी.

यास मोठा निधी लागत नाही. मोडक्या खुर्चीसाठी आपण जी दक्षता दाखवितो, तीच आपल्या लेकरांसाठी दाखवावयाची आहे.